तालुक्यात बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी मानसिक आरोग्य सेवा: नव्याने जबाबदारी घेणाऱ्यांसाठी

विशेष शाळेतून निरोप येतो, "मुलगा हल्ली फार मारतो, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवून आणा." आईवडील एसटीने जिल्ह्याच्या गावी जातात, केसपेपर काढतात, दुपारपर्यंत रांगेत बसतात. आत गेल्यावर कळतं की "हा मुळातच असा आहे, याला शाळेतच शिकवावं लागेल." झोपेची गोळी लिहून मिळते आणि घर, शाळा, दवाखाना हे चक्र पुन्हा सुरू होतं.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात, एखाद्या संस्थेत किंवा ग्रामीण रुग्णालयात तुमच्यावर या कामाची सूत्रं आली असतील, तर पहिल्याच दिवशी एक ठरवून टाका: शाळा आणि दवाखाना यांच्यामध्ये अडकलेला माणूस आपला. "हे आमच्याकडे येत नाही" हे वाक्य तुमच्या सेवेत कुणाच्याही तोंडी येता कामा नये. डॉक्टर, गोळ्या, खोली, गाडी या सगळ्या गोष्टी कमी-जास्त असतील. त्या नंतर जमवता येतात. हे एक वाक्य मात्र सुरुवातीलाच बंद करावं लागतं, आणि ते प्रमुखालाच करावं लागतं.

आधी कायद्यातली हद्द समजून घ्या

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये मानसिक आजाराची जी व्याख्या आहे, तिच्यातून बौद्धिक अक्षमता स्पष्टपणे वगळलेली आहे. हे योग्यच आहे, कारण बुद्धीची वाढ कमी होणं हा आजार नाही. पण याचा अर्थ अनेकजण उलटा लावतात. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाला नैराश्य आलं, सायकोसिस (भास-भ्रम होणारा आजार) झाला, चिंतेचा विकार जडला, तर त्या आजारासाठी तो इतर कुणाही इतकाच या कायद्याखाली येतो. असे आजार या मंडळींमध्ये इतरांपेक्षा जास्त आढळतात. म्हणजे ज्यांना गरज अधिक, त्यांनाच दार बंद, अशी आजची स्थिती आहे.

याच व्याख्येची दुसरी बाजूही टीमला सांगून ठेवा. फक्त बौद्धिक अक्षमता आहे म्हणून कुणालाही ठाणे, येरवडा, रत्नागिरी किंवा नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात ठेवता येत नाही. "सांभाळणारं कुणी नाही, तिकडे सोडा" असं सांगणारे नातेवाईक आणि कधीकधी पोलिसही तुमच्याकडे येतील, तेव्हा हे उपयोगी पडेल.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारचं दिव्यांगत्व मोजलं आहे. त्यात बौद्धिक अक्षमता आणि मानसिक आजार हे दोन्ही वेगवेगळे आहेत. एकाच माणसाला दोन्ही असू शकतात, आणि प्रमाणपत्रावर दोन्हींची नोंद होऊ शकते.

माणसं कुठे आहेत ते शोधा

बाह्यरुग्ण विभागात बसून वाट पाहिलीत तर फक्त आरडाओरडा करणारे, वस्तू फोडणारे तुमच्यापर्यंत पोहोचतील. कोपऱ्यात गप्प बसलेली मुलगी कुणीच आणणार नाही. घराला तिचा त्रास नसतो.

अठरा वर्षांखालच्यांची सोय त्यातल्या त्यात बरी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा जातात, आणि पुढच्या तपासणीसाठी मुलांना जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात. त्या पथकातल्या डॉक्टरांशी ओळख करून घ्या. खरी पोकळी अठरानंतर आहे. विशेष शाळा सुटते, प्रौढांच्या कर्मशाळेत जागा मोजक्या, आणि मग तो मुलगा वीस-तीस वर्षं घरातच. त्याला शोधायला आशाताईंइतका दुसरा चांगला मार्ग नाही. त्यांच्या मासिक बैठकीत अर्धा तास मागून घ्या. "मतिमंद कोण आहे?" असं विचारू नका. विचारा, "तुमच्या वस्तीत असं कोण आहे, जो आधी बाहेर दिसायचा आणि आता दिसत नाही?" या प्रश्नाला नावं येतात.

सिव्हिलमध्ये दिव्यांग बोर्ड ज्या वारी बसतं, त्या वारी तुमच्या टीममधलं कुणीतरी तिथल्या बाकांपाशी असावं. तालुक्यातली निम्मी कुटुंबं तिथे प्रमाणपत्रासाठी येऊन बसलेली असतात.

टीम: पदांपेक्षा कामं वाटून घ्या

कागदावर मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ता, परिचारिका अशी पदं असतात. प्रत्यक्षात दोन जागा रिकाम्या आणि डॉक्टर आठवड्यातून एक दिवस. तरीही काम चालतं, दोन गोष्टी पाळल्या तर.

पहिली, प्रत्येक कुटुंबामागे टीममधला एक ठरलेला माणूस. आईने फोन केला तर तो त्यालाच यावा. डॉक्टर बदलले, शाळा बदलली तरी हा माणूस तोच.

दुसरी, विशेष शिक्षकांना टीममध्ये मानाची जागा. त्या मुलाला "हो" कसं म्हणता येतं, तो कशाला घाबरतो, कोणत्या चित्राकडे बोट दाखवतो, हे डॉक्टरांना माहीत नसतं, बाईंना माहीत असतं. महिन्यातून एकदा तालुक्यातल्या विशेष शाळेच्या शिक्षकांबरोबर बसा. तिथे डॉक्टरांनी कमी बोलावं, हे तुम्ही पाहा.

मधल्या दिवसांत अडचण आली तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे. १४४१६ वर मराठीत, चोवीस तास बोलता येतं. हा नंबर प्रत्येक आईच्या मोबाइलमध्ये तुमच्यासमोर सेव्ह करून द्या.

तपासणी: "तो तसाच आहे" या वाक्याच्या पलीकडे

या कामातली सगळ्यात मोठी चूक एकच, आणि ती जगभर होते. माणसात जो काही बदल दिसेल तो बौद्धिक अक्षमतेच्या खात्यावर टाकून मोकळं व्हायचं. रात्र रात्र जागतो? मतिमंद आहे. डोकं आपटतो? मतिमंद आहे. पण बौद्धिक अक्षमता तर जन्मापासून किंवा लहानपणापासून आहे. डोकं आपटणं दिवाळीनंतर सुरू झालं असेल, तर दिवाळीनंतर काहीतरी घडलं आहे. म्हणून पहिला प्रश्न नेहमी हाच ठेवा: आधी कसा होता, आणि कधीपासून बदलला? आईला आठवत नसेल तर सणांवरून विचारा. "गणपतीत आरतीला उभा होता का? संक्रांतीला तिळगूळ वाटायला आला होता का?"

त्यानंतर शरीर. मनाकडे वळण्याआधी दात, कान, घसा, पोट, लघवी, त्वचा, पाळी हे सगळं पाहून घ्या. बोलता न येणाऱ्या माणसाची दाढ दुखत असेल तर तो गालावर मारून घेतो आणि आपण त्याला आक्रमक म्हणतो. बद्धकोष्ठता फार सर्रास आढळते आणि फार क्वचित विचारली जाते. डाउन सिंड्रोम (गुणसूत्रातला जन्मजात फरक) असेल तर थायरॉइडची रक्ततपासणी ठरवून करा, कारण थायरॉइड मंदावला की माणूस सुस्त, उदास दिसतो. डाउन सिंड्रोमच्याच माणसांत चाळिशी-पन्नाशीत स्मृतिभ्रंश सुरू होऊ शकतो. येत असलेली कामं एकेक करून विसरायला लागला, तर त्याला आळशीपणा म्हणू नका. फिट्स येतात का, कोणती गोळी चालू आहे, तेही विचारा. फिट्सवरच्या फेनोबार्बिटोन आणि लेव्हेटिरासेटाम या औषधांनी काहीजण चिडचिडे होतात. तसं असेल तर मनाचं नवं औषध देण्याआधी फिट्सच्या डॉक्टरांशी बोलावं लागेल.

मग घरातल्या घडामोडी. एक उदाहरण सविस्तर देतो. समजा, सव्वीस वर्षांची मुलगी आहे. डाळ निवडायची, भांडी विसळायची, संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावायची. गेले काही महिने काहीच करत नाही, पहाटे तीनला उठून बसते, जेवण निम्म्यावर आलंय, आंघोळीला नेलं की ओरडते. घरचे म्हणतात, "डोक्यावर परिणाम झालाय." चौकशी केली की कळतं, तिच्या शेजारी झोपणारी आजी वारली. हिला समजणार नाही म्हणून त्या दिवशी शेजाऱ्यांकडे ठेवलं आणि "आजी गावाला गेलीय" असं सांगितलं. त्याच सुमारास घरात नवी वहिनी आली आणि कामं तिच्याकडे गेली. डाळीचं सूपसुद्धा. आता ही संध्याकाळी एसटी यायच्या वेळेला ओट्यावर जाऊन उभी राहते.

इथे उपचाराची सुरुवात गोळीने होत नाही. आजी गेली, आता ती येणार नाही, हे तिला साध्या शब्दांत, फोटो हातात देऊन, पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. वर्षश्राद्ध असेल तर पान वाढायला तिला पुढे घ्यावं. डाळीचं सूप तिला परत मिळावं, यासाठी वहिनीशी वेगळं बसून बोलावं. एवढं करूनही झोप आणि भूक परतली नाही, तर हे नैराश्य आहे असं धरून औषध जरूर द्यावं.

नैराश्य या मंडळींत "मला वाईट वाटतंय" असं सांगून येत नाही. ते चिडचिड, अंगावर धावून जाणं, जमणारी कामं सोडून देणं, झोप आणि जेवण बिघडणं यांतून दिसतं. उलट, स्वतःशी बोलणं दिसलं म्हणून लगेच सायकोसिसचा शिक्का मारू नका. अनेकजण दिवसभरात जे झालं ते मोठ्याने बोलून उजळणी करतात, आणि ते वर्षानुवर्षं तसंच करत आलेले असतात. नव्याने सुरू झालं का, त्यात भीती दिसते का, कुणीतरी दिसल्यासारखा एकाच कोपऱ्याकडे पाहतो का, हे महत्त्वाचं.

बोलताना आधी त्याच्याशी बोला, मग घरच्यांशी. हो-नाहीचे प्रश्न टाळा. "दुखतंय का?" विचारलं की "हो", आणि लगेच "दुखत नाही ना?" विचारलं तरी "हो" येतं. समोरच्याला खूश ठेवायची ही सवय असते. "कुठे दुखतं, दाखव" म्हणा, शरीराचं चित्र पुढे ठेवा. एका वाक्यात एकच गोष्ट विचारा आणि थांबा. उत्तर यायला वेळ लागतो आणि त्या शांततेत आईच उत्तर देऊन टाकते. तिला आधीच सांगून ठेवा.

बुद्ध्यांकाचा आकडा प्रमाणपत्राला लागतो, उपचाराला फारसा नाही. त्याला स्वतःहून काय काय जमतं हे पाहण्यासाठी मालिन यांनी नागपुरात तयार केलेली व्हाइनलँड मापनाची भारतीय आवृत्ती आजही सगळीकडे वापरली जाते. ती भरताना घरी जाऊन भरली तर जास्त खरी माहिती मिळते.

दोनशे पानी वही

वागण्याची तक्रार असेल तर औषध बदलण्याआधी दोन आठवडे घरच्यांकडून नोंद ठेवून घ्या. छापील तक्ते कुणी भरत नाही. साधी वही द्या आणि तीन रकाने आखून द्या: आधी काय चाललं होतं, काय केलं, नंतर आपण काय केलं. आईला लिहिता येत नसेल तर भाऊ-बहीण किंवा शेजारची कॉलेजची मुलगी लिहील.

अशा वहीत काय दिसतं पाहा. "मंगळवार दुपार. मी पिठाच्या गिरणीत गेले, हा एकटा. परत आले तर टीव्हीवर तांब्या फेकला. मी मोबाइल दिला, शांत झाला." "गुरुवार. पाहुणे आले, माझं लक्ष नव्हतं. चावला. मोबाइल दिला." "शनिवार. मामा आला, त्याच्याशी पत्ते खेळला. काही नाही." दुसऱ्या आठवड्यापर्यंत आईलाच उलगडतं की तो एकटा पडला की फेकतो, आणि फेकलं की मोबाइल मिळतो. आता उपाय घरातच आहे. फेकण्याआधी लक्ष द्यायचं, बाहेर जाताना हातात काम द्यायचं, "ये" किंवा "मोबाइल" असं चित्र दाखवून मागायला शिकवायचं. हे शिकवायला विशेष शिक्षक हवेत, आणि महिने लागतात. घरच्यांना तसं आधीच सांगा, नाहीतर चौथ्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून वही बंद होते.

औषधं

आक्रमकपणासाठी रिस्पेरिडोनसारखी सायकोसिसवरची औषधं लिहिली जातात आणि मग वर्षानुवर्षं चालूच राहतात, कारण थांबवायचं कुणी हे ठरलेलंच नसतं. इंग्लंडमध्ये याच कारणासाठी तिथल्या सरकारी आरोग्य सेवेने २०१६ मध्ये 'स्टॉम्प' नावाची मोहीम सुरू केली. आपल्याकडे अशी मोहीम नसली तरी तुमच्या सेवेत नियम करता येतो: मनाचं प्रत्येक औषध कशासाठी सुरू केलं ते केसपेपरवर एका ओळीत लिहायचं, आणि तीन महिन्यांनी "फायदा झाला का?" याचं उत्तर त्याखाली लिहायचं. उत्तर नसेल तर औषध हळूहळू कमी करण्याचा विचार डॉक्टरांनी करायचा.

थोड्या मात्रेने सुरुवात, एका वेळी एकच बदल. दर खेपेला वजन, आणि ठरावीक काळाने साखर. मुलींची पाळी थांबली का, हे सिस्टरनी विचारायचं. चालताना पाय ओढतो का, लाळ गळते का, हात थरथरतात का, हे पाहायचं, कारण तो स्वतः सांगणार नाही. एक धोका घरच्यांना ठासून सांगा: फिट्सची गोळी किंवा रोजची झोपेची गोळी स्वतःहून एकदम बंद करायची नाही. औषध संपायच्या आधी ते आशाताईंमार्फत घरपोच होईल, याची व्यवस्था तुमची.

संमती, पालकत्व आणि काही कठीण प्रसंग

सही आईवडिलांची घ्यायची, हा सरधोपट समज सोडून द्या. २०१७ च्या कायद्याचं चौथं कलम सांगतं की माहिती साध्या भाषेत, खुणांनी, चित्रांनी, जसं समजेल तसं द्यायची. आणि एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटतो, एवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असं ठरत नाही. सौम्य अक्षमता असलेले बहुतेकजण "ही गोळी घेऊन बघू का?" याचं उत्तर देऊ शकतात. मदतीसाठी आपला नामनिर्देशित प्रतिनिधीही ते निवडू शकतात.

अठरा पूर्ण झाल्यावर कायदेशीर पालकत्व लागेल तिथे राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करतात. बँकेचं खातं, जमिनीतला हिस्सा अशा कामांसाठी कुटुंबं याकरता हेलपाटे घालतात. एकदा अर्जाची सगळी कागदपत्रं स्वतः एका कुटुंबाबरोबर जाऊन जमवा, म्हणजे पुढच्यांना नेमकं सांगता येईल.

पाळी आणि लैंगिकता यांबद्दल तुमच्याकडे कुजबुजत विचारणा होईल. "गर्भाशय काढून टाकलं तर?" १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मुलींवर पुण्यात अशा शस्त्रक्रिया झाल्या, तेव्हा देशभर गदारोळ उठला होता. आज २०१६ च्या कायद्याचं दहावं कलम सांगतं की वंध्यत्व आणणारी कोणतीही प्रक्रिया त्या व्यक्तीच्या मोकळ्या आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय करता येत नाही. नुसतं "बेकायदा आहे" म्हणून आईला परत पाठवू नका. ती थकलेली आहे, घाबरलेली आहे. पॅड बदलायला शिकवण्याचा चित्रांचा तक्ता, घरातली दुसरी एखादी बाई मदतीला, आणि चांगला-वाईट स्पर्श शिकवणारी बाई, एवढं तिला त्याच दिवशी मिळालं पाहिजे.

अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. अठरा पूर्ण झालेल्यांना मात्र हा कायदा लागू होत नाही. वय शरीराचं धरायचं, बुद्धीचं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं. अशा वेळी भारतीय न्याय संहितेखाली तक्रार होते. जबाबाच्या वेळी तिची भाषा समजणारा विशेष शिक्षक सोबत असावा, हे तुम्ही आग्रहाने मागा.

साखळीने किंवा दोरीने बांधून ठेवलेला माणूस घरभेटीत दिसेल. मानसिक आजाराच्या माणसाला साखळदंडाने बांधण्यावर कायद्याने बंदी आहे. पण तिथे पहिल्याच वाक्यात कायदा काढलात तर दार बंद होतं. तो विहिरीकडे पळतो म्हणून बांधला असेल, तर आधी विहिरीचा बंदोबस्त आणि दिवसाचा सोबती शोधा, दोरी त्याच आठवड्यात सुटली पाहिजे हे वेळापत्रक घरच्यांबरोबर ठरवा, आणि सुटेपर्यंत जात राहा. जिवाला धोका किंवा मारहाण दिसली तर मात्र थांबायचं नाही.

घरच्यांसाठी

"आमच्यानंतर याचं काय?" हा प्रश्न प्रत्येक घरात आहे. आईवडिलांची झोप आणि नैराश्य हेही तुमच्याच कामात धरा. आईसाठी वेगळा केसपेपर काढा. भावंडांना विसरू नका, त्यांच्यावरच पुढे सगळं येणार असतं. कागदी मदतीत यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) सगळ्यात आधी, कारण पुढचं सगळं त्यावर चालतं. मग संजय गांधी निराधार योजना, राष्ट्रीय न्यासाचा 'निरामय' आरोग्य विमा (एक लाख रुपयांपर्यंत, आधी तपासण्या न करता मिळतो), आणि ग्रामपंचायतीचा पाच टक्के दिव्यांग निधी. हा निधी अनेक ठिकाणी पडून राहतो. ग्रामसभेत विषय मांडायला पालकांबरोबर एकदा तुम्ही स्वतः उभे राहा.

संकटाची तयारी आधीच

ज्यांची स्थिती अचानक बिघडू शकते, त्यांच्यासाठी एक पानाचा कागद घरात लावून ठेवा: बिघडण्याची पहिली खूण कोणती, काय केलं की शांत होतो, काय केलं की वाढतं, कुणाला फोन करायचा, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे. त्याची एक प्रत ग्रामीण रुग्णालयात आणि एक पोलीस ठाण्यात. पोलीस ठाण्यातल्या अंमलदारांना या माणसाला शांतपणे एकदा भेटवून आणा. रात्री अकरा वाजता पहिल्यांदा भेट झाली तर दोघेही घाबरलेले असतात.

सेवा टिकवायची कशी

या क्षेत्रातल्या अनेक नेमणुका कंत्राटी आहेत आणि माणसं बदलतात. म्हणून नोंदवही पहिल्या दिवसापासून अशी ठेवा की तुम्ही उद्या नसलात तरी दुसऱ्याला कळेल: माणूस, ठरलेला कार्यकर्ता, काय बदललं होतं, काय केलं, पुढची भेट कधी. वरिष्ठांना आकडे द्यावे लागतात, ते द्या, पण टीमच्या साप्ताहिक बैठकीत आकड्यांवर नाही, एका माणसावर पाऊण तास बोला. नवी व्यक्ती जागेवर आली की वही हातात देऊन थांबू नका. सगळ्यात अवघड दहा-बारा घरी तिला सोबत घेऊन जा, त्या मुलाशी स्वतः ओळख करून द्या, आणि पुढच्या वेळी ती एकटी येईल हे त्याला त्याच्या भाषेत, तिचा फोटो भिंतीवर लावून सांगून या.